जगण्याचीही नोंद हवी

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला, तर त्याची दप्तरी नोंद होते. पोलीस पंचनामा करतात, तलाठी घरी येतो, तहसीलदारांचा अहवाल जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पाहते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते. पात्र ठरले तर 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानुसार 1 लाखाची मदत मिळते, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. ही व्यवस्था हवीच होती, आणि ती उभी राहावी म्हणून लोकांना झगडावे लागले. पण त्याच गावात, तशाच जमिनीवर पन्नास वर्षे शेती करून, गावाच्या मोटारी आणि ट्रॅक्टर दुरुस्त करून, मुलाबाळांना मार्गी लावून सत्तरी ओलांडल्यावर अंथरुणावर गेलेल्या माणसाची नोंद कोण ठेवतो? ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत एक ओळ, सातबारावर वारसांचा फेरफार, आणि फार तर पेपरात जिल्ह्याच्या पानावर चार ओळी. त्याही बहुधा ठरलेल्या. कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार. अंत्यसंस्कार स्थानिक मोक्षधामावर. तो माणूस कोण होता, हे त्या चार ओळींतून कुणालाही कळत नाही.

आमच्या जिल्ह्याची सगळी ओळखच मरणावरून झाली आहे. 2006 साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, ते आत्महत्यांमुळे. 2017 च्या खरिपात देशभरातले पत्रकार यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पोचले, ते कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली म्हणून. बातमी यायलाच हवी होती. पण बातमी नेहमी तिथूनच सुरू व्हावी आणि तिथेच संपावी, हे बरोबर नाही.

महागाव तालुक्यातली दोन गावे पाहा. चिलगव्हाणचे साहेबराव करपे. 19 मार्च 1986 ला पवनारजवळच्या दत्तपूर इथे त्यांनी पत्नी मालती आणि चार मुलांसह जगाचा निरोप घेतला. राज्यातली जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या ती मानली जाते. अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनाने 2017 पासून 19 मार्चला अन्नत्याग सुरू केला, म्हणून तो दिवस आज पुष्कळांच्या लक्षात आहे. साहेबराव गावचे सरपंच होते, भजनात रमणारे होते, ओलिताची शेती करणारे होते. वीजबिल थकले, जोडणी तुटली, मोटार बंद पडली आणि पीक वाळले, ही त्यांच्या विवंचनेतली मोठी गोष्ट. त्या शेवटच्या दिवसाबद्दल खूप लिहिले गेले. पण त्याआधीची कितीतरी वर्षे ते शेती कशी करत होते, कुठली पिके घेत होते, सरपंच म्हणून त्यांनी गावात काय उभे केले, घरात गाणे कसे चाले, याबद्दल वाचायला काय मिळते? जवळजवळ काहीच नाही.

त्याच तालुक्यातले फुलसावंगी. शेख इस्माईल शेख इब्राहिम हा 24 वर्षांचा वेल्डिंगचे काम करणारा तरुण. आठवीपर्यंत शाळा झालेली. भावाच्या दुकानात कपाटे, कूलर बनवायचा आणि रात्री उरलेल्या वेळात, व्हिडिओ पाहून पाहून, एका माणसाला बसता येईल असे हेलिकॉप्टर जोडायचा. त्याला मारुती 800 चे इंजिन बसवले होते. 2021 च्या स्वातंत्र्यदिनी ते गावाला दाखवायचे त्याच्या मनात होते. त्याआधी चारच दिवस, रात्री चाचणी घेताना मागचे पाते तुटले, मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्या तडाख्यात तो गेला. दुसऱ्या दिवशी देशभर त्याचा व्हिडिओ फिरला. त्याआधी फुलसावंगीबाहेर त्याचे नाव किती जणांना ठाऊक होते? एखाद्या अभियंत्याने, एखाद्या तंत्रनिकेतनातल्या प्राध्यापकाने त्याच्याकडे आधी जाऊन हेल्मेट घाल म्हटले असते, पात्याची जोडणी तपासून दिली असती, तर तो आज तिशीच्या उंबरठ्यावरचा कारागीर असता. जिवंतपणी त्याची दखल घेणारे कुणी नव्हते, याचे मोल त्याने जिवाने मोजले, असे मला वाटते.

एक शेतकरी, एक मिस्त्री. पण जिल्ह्यातल्या गावागावांत ज्यांचा आधार वाटतो ती माणसे बहुतेकदा दोन्ही असतात. पाच-दहा एकर कोरडवाहू, घराच्या पडवीत किंवा एसटी थांब्याजवळच्या टिनाच्या शेडमध्ये दुकान, आणि सायकलच्या किंवा मोपेडच्या मागे कायमची बांधलेली पान्यांची पिशवी. मृगाआधी लोकांच्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक आणि स्वतःची वखरवाही, श्रावणात डवरणी आणि फवारणीचे पंप, दिवाळीनंतर वेचणी आणि हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटारी. यांचा दिवस दोनदा उगवतो. शेतातून आल्यावर हात धुतात ते जेवायला नाही, ग्रीस लावायला.

हे काम जवळून पाहिले नसेल तर ते किती बारीक आहे ते कळत नाही. विहिरीवरची तीन फेजची मोटार घ्या. रात्री लाईन येते, तीतही कधी व्होल्टेज कमी, कधी डीपीवरून एक फेज गेलेली. चालू मोटारीची एक फेज गेली तर ती उरलेल्या दोनवर ओढत राहते, करंट वाढतो, मोटार तापते आणि सकाळपर्यंत वाइंडिंग जळून जाते. शेतकरी येऊन सांगतो, "मोटार नुसती घुमते, फिरत नाही." मिस्त्री आधी नाकाने पाहतो. व्हार्निश जळल्याचा वास आला की पुढचे त्याला कळलेले असते. मग झाकण खोलून सिरीजचा बल्ब लावून एकेक फेज तपासायची. जळली असेल तर आतली तांब्याची तार कापून बाहेर काढायची. त्याआधी प्रत्येक खाचेतले फेरे मोजायचे, तारेचा गेज पाहायचा, जुनी तार तराजूत टाकायची. नवी तार लाकडी साच्यावर तितक्याच फेऱ्यांनी गुंडाळायची, खाचेत कागद बसवून बांबूच्या पट्टीने एकेक वेढा आत सरकवायचा, दोऱ्याने बांधायचा, व्हार्निश पाजायचे आणि उन्हात वाळवायचे. एक फेरा इकडेतिकडे झाला तर मोटार पुन्हा तापते. हे सारे हरभरा फुलोऱ्यात असताना, पाणी दोन पाळ्या चुकलेले असताना, शेतकरी समोर उकिडवा बसून वाट पाहत असताना करायचे असते.

त्या मिस्त्रीकडे एक वही असते. एका बाजूने कुठल्या कंपनीच्या, किती अश्वशक्तीच्या मोटारीला कुठल्या गेजची तार आणि किती फेरे, हे लिहिलेले. आणि वही उलटी धरून मागून सुरू केली की उधारी. नाव, काम, रक्कम, आणि पुढे "कापूस विकल्यावर". एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे 1972 नंतरची कित्येक वर्षे, तिथे "चुकारा आल्यावर" असे लिहीत. सरकारकडून कापसाचा चुकारा हप्त्याहप्त्याने यायचा, तसे मिस्त्रीचे पैसेही हप्त्याहप्त्याने. भाव पडला की अर्धी वही पुढच्या सालावर जायची. काही नावांपुढची रक्कम खोडलेली असते. ती मिळाली म्हणून नव्हे. त्या घरातला माणूस गेला, किंवा मुलीचे लग्न निघाले, म्हणून.

माझ्या मते आमच्या जिल्ह्याच्या अर्थकारणात जे कधी मोजले गेले नाही ते या वहीच्या मागच्या पानांत आहे. बँकेने पीककर्ज नाकारलेला, सोसायटीत थकबाकीदार ठरलेला माणूस अडला की दोन ठिकाणी जातो. एक सावकार, दुसरा मिस्त्री. सावकार जमीन लिहून घेतो. मिस्त्री मोटार चालू करून देतो आणि नाव लिहितो. व्याज नाही, गहाण नाही, तगादा असला तर पोळ्याच्या दिवशी पारावर भेटल्यावर हसत केलेला. स्वतः कापसावर जगणारा माणूस दुसऱ्याच्या कापसाची जोखीम अशी वर्षानुवर्षे अंगावर घेत असतो. किती घरे या उधारीने तगली, याचा कुठलाही अहवाल निघालेला नाही.

नुसत्या पिकावर घर चालत नाही, याला आकड्यांचाही आधार आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2018-19 च्या अहवालात देशातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न 10,218 रुपये निघाले. त्यात पिकातून आलेले 3,798 आणि मजुरी-नोकरीतून आलेले 4,063. म्हणजे शेतकरी म्हणवणाऱ्या घरात पिकापेक्षा जास्त पैसा दुसऱ्याच्या कामावर जाऊन येतो. स्वतःच्या बिगरशेती धंद्यातून मात्र अवघे 641 रुपये. हातात कसब असलेला शेतकरी या शेवटच्या रकान्यात बसतो, आणि तो रकाना किती लहान आहे ते दिसते आहे. कोरडवाहू कपाशीच्या मुलखात घर तरायचे असेल तर हाच रकाना मोठा व्हायला हवा. तो ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्याही मदतीशिवाय उभा केला, ते कसे शिकले, कुणाच्या हाताखाली राहिले, पहिला पान्यांचा संच कशाच्या पैशातून घेतला, कुठल्या सालात शेत विकायची पाळी आली आणि ती कशी टळली, हे विचारून ठेवायला हवे होते. आत्महत्यांवर प्रबंध झाले. तगून राहिलेल्यांवर किती झाले?

कुटुंबवत्सल या शब्दामागेही एक बाई असते आणि तिचे नाव निधनवार्तेत "पत्नी" एवढेच येते. नवरा दुसऱ्याच्या विहिरीत उतरलेला असताना निंदण, खत, वेचणी तिने पाहिलेली असते. दुकानावर आलेल्याला पाणी देणे, कुणाचा पंप कुठे ठेवला ते लक्षात ठेवणे, आणि वहीतले कोणते नाव खोडायचे ते ठरवणे, यातही तिचा वाटा असतो. रात्री दोनला लाईन आल्यावर बॅटरी घेऊन नवऱ्याबरोबर शेतात जाणाऱ्या बायका या जिल्ह्यात शेकड्यांनी आहेत. मिस्त्रीचे चरित्र लिहायचे तर ते तिला विचारल्याशिवाय पुरे होणार नाही.

यंत्र चालते ठेवणाऱ्या हातांची या भागाला जुनी ओळख आहे. यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे घ्या. मँचेस्टरला 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत तिला ओढत होते. सत्तर वर्षे! त्या गाडीच्या मालकीवर, तिच्या इंग्रजी कंपनीवर रकानेच्या रकाने छापून आले. सत्तर वर्षे ते इंजिन उघडून-झाकून चालवणाऱ्या फिटरांपैकी एकाचेही नाव माझ्या वाचनात आलेले नाही.

दखल घेतली तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचे धनी, शाळा तिसरीपर्यंत. 1983 मध्ये पटेल-3 या धानात त्यांना वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे निवडत गेले आणि त्यातून जे वाण निघाले त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला. 3 जून 2018 ला ते गेले तेव्हा हलाखीतच गेले, त्यांचे वाण खाणाऱ्या देशाला याची लाज वाटली पाहिजे. पण निदान त्यांनी काय केले ते आज मुलांना सांगता येते. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी जुन्या सायकलला कोळप्याची पास बसवून बैल नसलेल्या शेतकऱ्यासाठी अवजार केले, त्याचीही नोंद झाली, कारण अशा कारागिरांचा शोध घेणारी माणसे गावोगाव विचारत फिरली. यवतमाळच्या सोळा तालुक्यांत असे विचारत फिरले तर रिकाम्या हाताने परत यावे लागणार नाही. जुन्या मोटारसायकलचे डवरे, पाइपाची टोबण यंत्रे, ट्रॅक्टरला जोडलेली घरगुती फवारणी यंत्रे कितीतरी गावांत आहेत. ती करणारे म्हातारे होत चालले आहेत.

आणि घाई करायला एक कारण आहे. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत आता शेतात सौर पंप उभे राहत आहेत. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा 5 टक्के, आणि 5 वर्षे दुरुस्तीची हमी कंपनीची. दिवसा पाणी मिळते, रात्री सापाविंचवात जावे लागत नाही, हे फार मोठे सुख आहे आणि त्याचे स्वागतच. पण त्याचा कंट्रोलर बंद डब्यातला. बिघडला तर गावातल्या मिस्त्रीने तो उघडायचा नाही, तक्रार नोंदवायची आणि वाट पाहायची. उघडण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये समिती नेमली, आणि शेतीची अवजारे त्या यादीत पहिल्यापासून आहेत. त्या हक्काचा खरा उपयोग व्हायचा तर गावात उघडता येणारा माणूस शिल्लक हवा. आयटीआयच्या वायरमन आणि ट्रॅक्टर मेकॅनिकच्या मुलांना जुन्या मिस्त्रींकडे महिना-दोन महिने पाठवावे, मिस्त्रींना त्याचे मानधन द्यावे, आणि त्याच मुलांना सौर कंट्रोलर उघडायला शिकवावे. यात खर्च थोडा आहे आणि लाभ मोठा.

कुणी म्हणेल, अशी माणसे हजारो आहेत, कुणाकुणाचे लिहायचे? सगळ्यांचे. ज्याचे त्याच्या घरच्यांनी, ज्या त्या गावाने. एका माणसाची दोन पाने. जिल्ह्याच्या दैनिकांनी आठवड्यातून एकदा निधनवार्तेच्या चार ओळींऐवजी चारशे शब्द द्यावेत, त्यात विशेषणे नकोत. त्याने कुठली मोटार पहिल्यांदा खोलली, दुष्काळाच्या साली काय पेरले, मुलीला कुठपर्यंत शिकवले, कुणाचे नाव वहीतून खोडले, एवढे आले तरी पुरे. शाळेतल्या गुरुजींनी सातवी-आठवीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे वही-पेन घेऊन पाठवावे. आणि ज्यांच्या घरातला असा माणूस नुकताच गेला आहे, त्यांनी तेराव्यानंतर घर आवरताना ती तेलकट वही रद्दीत घालू नये. तिच्या पुढच्या पानांचा उपयोग गावातल्या दुसऱ्या मिस्त्रीला आजही आहे, आणि मागची पाने हा गावाचा इतिहास आहे.

1 जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. ते याच जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, आणि त्यांच्या नावाने राज्यभर त्या दिवशी कृषी दिन साजरा होतो. ग्रामपंचायतीत प्रतिमेला हार, दोन भाषणे आणि वृक्षारोपण होते. येत्या कृषी दिनाला त्यात अर्धा तास वाढवावा. गावातल्या एका दिवंगत शेतकरी-मिस्त्रीची माहिती ग्रामसभेत वाचावी आणि ठरावाच्या पुस्तकात उतरवून घ्यावी. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी त्याच्या घरी आजच निरोप धाडावा, आणि त्याच्या बायकोला वही घेऊन यायला सांगावे.